सकाळच्या कवितेच्या मात्रा जुळेनात, हा अभंग म्हणायचा का?

प्रश्न
सकाळवर दोन कडवी केली आहेत.

पूर्व उजळली । गंगेच्या पाण्यात ।
उन्हाच्या हातात । सोनं आलं ॥

ज्वारीच्या ताटांवर । दव थरारलं ।
पाखरू जागलं । सोनं आलं ॥

(गंगा म्हणजे गोदाच, नांदेड-परभणीकरांना सांगायला नको.) पहिल्या कडव्याच्या मात्रा (लघू अक्षराची एक, गुरूच्या दोन) ८, ११, ११, ८ येतात. चाल मात्र अभंगाची लागते. आणि 'सोनं आलं' दोनदा खटकतं का?

उत्तर १
मात्रा मोजूच नका. अभंग हा अक्षरछंद, म्हणजे नुसती अक्षरं मोजायची. त्यात ऱ्हस्व-दीर्घ सारखंच, गाताना अक्षर ओढून घेतात. मोठ्या अभंगाचा साचा चार चरणांत ६-६-६-४ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा नाही. 'उजळली' बोलताना 'उजळ्ली' होतं, तरी मोजायची चारच अक्षरं. पहिलं कडवं चोख आहे. दुसऱ्यात ज्वा-री-च्या-ता-टां-व-र, सात झाली. 'ज्वारीच्या ताटांत' करा.

जाता जाता: पहिल्या कडव्यात तिसऱ्या चरणाच्या मात्रा १०च, ११ नाहीत. 'न्ह'चा आघात मागच्या 'उ'वर येत नाही, तो लघूच.

उत्तर २
यमक पाहा. मोठ्या अभंगात ते दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला लागतं. 'पाण्यात–हातात' ठीक, 'त' आणि त्याआधीचा 'आ' दोन्ही जुळतात. 'थरारलं–जागलं' मात्र लंगडं. जुळतो तो नुसता क्रियापदाचा 'लं', आणि तो कुठल्याही दोन भूतकाळी क्रियापदांत जुळेल. आधीचं अक्षरही जुळवा: 'थरारलं–भरलं'. 'आभाळ भरलं' सहा अक्षरांत बसतं.

उत्तर ३
बसतं, पण आपल्याकडं आभाळ भरलं म्हणजे पाऊस. मग सोनं कुठलं? 'पाखरू फिरलं' घ्या, 'रलं' तिथंही आहे.

खरी अडचण पुनरुक्तीची. पहिल्या कडव्यात 'हातात सोनं आलं' असं वाक्य पुरं होतं. दुसऱ्यात ते मागच्या चरणाला न चिकटता लोंबकळतं. शिवाय पहिलं कडवं ध्रुपद (दर कडव्यानंतर फिरून म्हणायचं) धरलं तर टाळकरी ते दुसऱ्यानंतर पुन्हा उचलणार. म्हणजे 'सोनं आलं' संपता संपता परत 'सोनं आलं'. दुसऱ्याचा शेवट मोकळा सोडा:

ज्वारीच्या ताटांत । दव थरारलं ।
पाखरू फिरलं । रानोमाळ ॥

प्रश्नकर्ता
'रानोमाळ' घेतलं. तिसरं कडवं आता अक्षरं मोजूनच टाकतो.