बोहोल, फिलिपिन्स: जुनी चर्च, चॉकलेट टेकड्या, सत्तरीतली आई आणि आठ रात्री. आखणी तपासून द्याल का?

निवांतराव

जानेवारीत बोहोलला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि आई (वय ७२, सपाटीवर तासभर आरामात चालते, पण पायऱ्या म्हटल्या की गुडघे कुरकुरतात. शाकाहारी, अंडं चालतं). समुद्र हवाच, पण मुख्य ओढ जुन्या चर्चची आणि स्पॅनिश काळाच्या खुणांची आहे.

कच्चा आराखडा असा: मुंबई–सिंगापूर–सेबू विमानाने, गुरुवारी दुपारी सेबूत. तिथे २ रात्री. शनिवारी फेरीबोटीने ताग्बिलारान (बोहोलचं मुख्य शहर). मग पुलाने जोडलेल्या पांगलाओ बेटावरच्या आलोना किनाऱ्यावर सलग ६ रात्री आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या फेरीने परत येऊन दुपारचं विमान. तारखा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या आगेमागे येतात. बोहोलचा अंतर्भाग 'कंट्रीसाइड टूर' म्हणून एका दिवसात दाखवतात, तो घ्यावा का? आईच्या जेवणाचं काय? स्कूटर भाड्याने घ्यावी का?

गलबत

आराखड्यात दोन ठिकाणी पाणी शिरतंय, आणि दोन्हीवर उपाय एकच आहे.

पहिलं: जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे सेबूचा सिनुलोग, बाळयेशूचा उत्सव. त्या दिवसांत हॉटेलांचे दर कडाडतात, मुख्य रस्ते मिरवणुकीसाठी बंद होतात, आणि शनिवारी सकाळी मूर्तीची जलयात्रा नेमकी सेबू आणि माक्तान यांच्यामधल्या खाडीतून निघते. त्याच शनिवारी तुम्ही सामानासकट धक्क्यावर पोहोचणार. उत्सव बघायचा असेल तर मुद्दाम तिथे थांबा. नसेल तर त्या गर्दीत आईला नेऊ नका.

दुसरं: परतीची फेरी आणि परतीचं विमान एकाच दिवशी. वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल बोटी थांबवतं, आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. जानेवारीत वादळं कमी, पण ईशान्येकडून 'आमिहान' वारा असतो आणि पावसाचे पट्टे अधूनमधून येतात.

म्हणून सेबूच्या दोन्ही रात्री सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवा. उतरल्यावर तडक बोहोल. तोवर उत्सव उरकतो आणि विमानाआधी दोन दिवसांचा राखीव वेळही मिळतो. मॅजेलनचा क्रूस आणि शेजारचं सांतो निन्यो बॅसिलिका शेवटी बघून होतील. माक्तान, जिथे १५२१ मध्ये तिथला सरदार लापू-लापू याच्या माणसांनी मॅजेलनला मारलं, ते तर विमानतळाच्याच बेटावर आहे.

विमानतळ ते पिअर १ (फेरीचा धक्का) हे अंतर थोडं, पण वाहतूक अशी की दीड तास हाताशी ठेवा, सिनुलोगच्या आठवड्यात त्याहून जास्त. विमान ४ नंतर उतरणार असेल तर त्या रात्री विमानतळाजवळच झोपा आणि सकाळची पहिली फेरी घ्या. जलद फेरीला साधारण २ तास लागतात. मोठ्या बॅगा वेगळ्या खिडकीवर जमा करून त्यांचे वेगळे पैसे भरावे लागतात, टर्मिनल शुल्कही वेगळं, म्हणून तासभर आधी पोहोचा. वातानुकूलित कक्षात थंडी चांगलीच बोचते, आईची शाल हातातल्या पिशवीत असू द्या. जागा मागच्या बाजूची मागा, पुढे बोट जास्त आपटते. उलटीची गोळी घ्यायची असेल तर सुटण्याआधी अर्धा तास, समुद्र उसळू लागल्यावर नाही.

कागदपत्रं: भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश जून २०२५ पासून आहे. तो वाढवून मिळत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि ६ महिने वैध पासपोर्ट लागतो. हे सगळं मुंबईच्या काउंटरवरच मागतात, तेव्हा छापून ठेवा. नियम बदलू शकतो, पैसे भरण्याआधी दूतावासाच्या पानावर नजर टाका. 'ई-ट्रॅव्हल' नोंदणी पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत करायची आणि ती फुकट असते. पैसे मागणारं पान दिसलं तर ते खोटं.

सिंगापूरमार्गे जाताना सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन सुटी तिकिटं स्वस्त दिसतात, पण सामान सिंगापूरला उचलून पुन्हा द्यायचं झालं तर तिथल्या इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, म्हणजे सिंगापूरचा व्हिसा आला.

शिळासप्तक

चर्चसाठी जाताय हे वाचून बरं वाटलं. पण सहाच्या सहा रात्री आलोनावर काढू नका. आलोना म्हणजे दुकानं, मसाज आणि रात्री गाणी. निदान ३ रात्री ताग्बिलारान किंवा बाक्लायोनकडे ठेवा. दक्षिण किनाऱ्याचा रस्ता हाच चर्चचा रस्ता आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा: १५ ऑक्टोबर २०१३. त्या दिवशीच्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपाने बोहोलची बरीच जुनी चर्च पाडली किंवा फोडली. आज तुम्ही जे बघणार त्यातलं किती मूळ आणि किती पुन्हा रचलेलं, हा प्रश्न प्रत्येक दारात विचारायचा. लोबोक आणि लोऑन ही दोन्ही २०२१ मध्ये पुन्हा उघडली. लोऑनचं तर जवळजवळ ढिगाऱ्यातून उभं केलंय. जुना दगड आणि नवा दगड यांचा रंग शेजारी शेजारी बघा, कुठे सांधलंय ते कळतं.

दगड म्हणजे प्रवाळाचा. गोव्यात चर्चच्या भिंती जांभ्याच्या आणि वरून चुन्याचा गिलावा, तसं इथे समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचे चिरे. बाक्लायोनच्या बाहेरच्या भिंतीला नाक लावून बघा: चिऱ्यात प्रवाळाची जाळी आणि शिंपल्यांचे ठसे दिसतात. सकाळी किंवा उतरत्या दुपारी, ऊन तिरपं असताना. भर दुपारी सगळं सपाट पांढरं दिसतं. सध्याची वास्तू १७२७ ची, आत १८२४ चा पाइप ऑर्गन, आणि शेजारच्या संग्रहालयातल्या कातड्याच्या पानांच्या अवाढव्य गायन-पोथ्या चुकवू नका. मास (प्रार्थनाविधी) चालू असताना आत हिंडू देत नाहीत, म्हणून रविवार टाळा. खांदे झाकलेले हवेत.

बाक्लायोनहून पुढे आल्बुर्केर्के. तिथे मान वर करा: छतावरची चित्रं सेबूच्या रे फ्रान्सियाची, विसाव्या शतकातली. लोबोकला चर्चसमोर नदीवर एक पूल अर्ध्यातच थांबलेला दिसेल. तो पुरा केला असता तर रस्ता जुन्या चर्चच्या आवारात घुसला असता, म्हणून विरोध झाला आणि काम सोडून दिलं. पांगलाओला जाताना वाटेत दाउइस लागतं, तिथे वेदीच्या पायाशी चक्क विहीर आहे. आईंना एकही पायरी न चढता बघता येईल अशी ती जागा.

आणि रक्तकरार. मार्च १५६५ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी आणि इथला सरदार (दातू) सिकातुना यांनी एकमेकांचं रक्त मिसळलेली दारू प्यायली. ताग्बिलारानच्या बोओल भागातलं शिल्प नापोलेऑन आबुएवाचं, तो बोहोलचाच. पण प्रत्यक्ष जागा हीच का, यावर जुना वाद आहे, जवळच्या लोआय गावचे लोकही हक्क सांगतात. करार का लागला ते महत्त्वाचं: थोडीच वर्षं आधी मोलुक्काकडून (मसाल्यांच्या बेटांकडून) आलेल्या पोर्तुगीजांनी बोहोल लुटलं होतं, आणि पांढऱ्या माणसांचं गलबत दिसलं की लोक डोंगरात पळत. मोलुक्काच्या त्या पोर्तुगीज ठाण्यांचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. म्हणजे या गोष्टीचं एक टोक आपल्याकडेही येतं. याच बेटावर पुढे १७४४ मध्ये दागोहोय या स्थानिक पुढाऱ्याचं स्पॅनिशांविरुद्ध बंड उठलं आणि १८२९ पर्यंत, ८५ वर्षं, टिकलं. पाद्र्याने भावाचं ख्रिस्ती दफन नाकारलं, ही त्याची ठिणगी.

निवांतराव

सेबू शेवटी ढकललं, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. मग अंतर्भागाची एकदिवसीय सहल घ्यायची की नाही?

घाटवाट

गाडी चालकासह घ्या, पण ठरलेली सहल घेऊ नका. दिवसाला अंदाजे ३,००० पेसोंच्या आसपास, वर जागोजागचे प्रवेशशुल्क वेगळे. (१ पेसो म्हणजे ढोबळ दीड रुपया धरा.)

ठरलेल्या सहलीची गाडी ८-९ ला हॉटेलवर येते, रक्तकरार, बाक्लायोन, टार्सिअर (मोठ्या डोळ्यांचा चिमुकला प्राणी) करत दुपारी लोबोकला जेवते आणि कार्मेनच्या चॉकलेट टेकड्यांवर सगळे मिळून भर उन्हात पोहोचतात. तुम्ही उलटं करा. पहाटे ६ ला निघा, कार्मेन ताग्बिलारानपासून साधारण ५५ किमी, दीड तास. आलोनाहून २ तास. ८ च्या आत पोहोचलात तर टेकड्यांच्या पायथ्याशी धुकं असतं आणि सावल्या लांब असल्यामुळे एकेक टेकडी सुटी दिसते. मग परत खाली: बिलारचं महोगनीचं लावलेलं जंगल (गाड्या रस्त्याच्या मधोमध थांबवून फोटो काढतात, मुलीला सांभाळा), टार्सिअर, शेवटी लोबोक. चर्च याच दिवशी कोंबू नका. किनाऱ्यासाठी वेगळा दिवस ठेवा, नाहीतर बाक्लायोनला वीस मिनिटं मिळतील.

आईंसाठी: कार्मेनच्या वरच्या कठड्याला २१४ पायऱ्या आहेत. त्यांनी चढायलाच हवं असं नाही, रस्ताच टेकड्यांमधून जातो. आणि चॉकलेटी रंग जानेवारीत मिळणार नाही. गवत वाळतं ते कोरड्या महिन्यांत, मार्च-एप्रिल-मेमध्ये. तुम्हाला हिरव्या टेकड्या दिसतील. मुलीला आधीच सांगून ठेवा.

टार्सिअरसाठी कोरेल्याचं अभयारण्य निवडा. मुठीएवढा प्राणी, निशाचर, डोळे खोबणीत हलत नाहीत म्हणून अख्खी मान फिरवतो. दिवसा तो झोपेत असतो, आवाजाने आणि फ्लॅशने त्याला खरोखर त्रास होतो. फ्लॅश बंद, कुजबुजही नको. टार्सिअर हातावर ठेवून फोटो देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

स्कूटर: पांगलाओत दिवसाला ४००-५०० पेसो. इंग्रजीतला भारतीय परवाना आल्यापासून ९० दिवस चालतो, पण त्यावर दुचाकीचा वर्ग हवा. खरी अडचण वेगळी: तिथे वाहनं उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. पंपावरून किंवा हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना हात सवयीने डावीकडे वळतो. चौघांसाठी तसंही ट्रायसिकल (बाजूला डबा जोडलेली दुचाकी) बरी, भाडं बसण्याआधी ठरवा.

कोनफळ

आईंच्या जेवणाबद्दल. 'गुलाय' म्हणजे भाजी, पण गुलाय म्हणून समोर आलेल्या वाडग्यात छोट्या माशांची किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी किंवा डुकराचे चार तुकडे निघू शकतात. त्यांच्या लेखी ती भाजीच. म्हणून 'व्हेज' न म्हणता बिसाया भाषेत नावं घेऊन सांगा: 'वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय गिनामोस', म्हणजे मांस नको, मासा नको, ती चटणी नको. 'पातिस' हा माशाचा रसही वेगळा सांगून नको म्हणा, तो दिसत नाही. 'मोंगो' म्हणजे आपले मूगच, पण त्यात सुकट किंवा मांस असतंच असं धरून चाला.

हमखास चालणारं: लसूणभात, 'तोर्तांग तालोंग' (भाजलेलं वांगं अंड्यात, खिमा नको सांगून), साखरेत तळलेली सळईवरची केळी, आंबे, नारळ. लोबोकच्या तरंगत्या बोटीवरचं जेवण मांसाहाराने भरलेलं असतं. आईंना भात, फळं आणि गाणी मिळतील. त्या दिवशी डबा न्या. मेतकूट आणि एक बारका इलेक्ट्रिक कुकर सामानात असू द्या. वीज २२० व्होल्ट, पण भोक चपट्या दोन पिनांचं, आपली तीन पिनांची जाड पिन बसत नाही.

आणि उबे खा. उबे म्हणजे आपलं कोनफळ (म्हणून तर आले धावत). बोहोलमध्ये त्याला असा मान की हातून पडलं तर उचलून त्याचा मुका घ्यायची रीत आहे. कालामाय हा चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि काळी साखर घोटून केलेला पदार्थ नारळाच्या दोन करवंट्यांत बंद करून, लाल कागदाची पट्टी लावून विकतात. विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, मऊ म्हणून अडवतात.

गलबत

शिळासप्तक यांच्याशी अर्धाच सहमत. सत्तरीतल्या माणसाला घेऊन मधेच हॉटेल बदलणं म्हणजे अर्धा दिवस गेला. दाउइसला एकच मुक्काम करा. पुलापलीकडे ताग्बिलारान, दुसऱ्या बाजूला आलोना.

बालिकासाग बेटावर कासवं बघायला जायचं तर आईंना किनाऱ्यावरच राहू द्या. बांबूच्या पंखांच्या बोटीत गुडघाभर पाण्यातून आणि अरुंद फळीवरून चढावं लागतं. तिथे रोज किती माणसं पाण्यात सोडायची यावर मर्यादा आहे, आदल्या दिवशी नोंदणी करा आणि पहाटेचीच वेळ मागा. व्हर्जिन बेटाची वाळूची पट्टी ओहोटीलाच उघडी पडते, बोटवाल्याला वेळ विचारण्याआधी भरतीचं कोष्टक स्वतः बघा.

पैसे: परदेशी कार्डावर एटीएम दरवेळी २५० पेसो कापतं आणि बहुतेक ठिकाणी एका वेळी १०,००० च देतं. पूर्ण १०,००० च काढा, तेही ताग्बिलारानमध्ये. कार्मेनकडे रोखच लागते. आणि हजाराच्या नोटा हॉटेलात मोडून घ्या, सकाळी ६ ला ट्रायसिकलवाल्याकडे सुटे नसतात.