‘शिकायला मिळते’ हे मानधन कधीपासून झाले?

निफाडकर
कालच्या चर्चेत एका मार्गदर्शकांनी लिहिले होते की, ‘प्रकल्पावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला शिकायला मिळते हेच त्याचे मानधन, हातात पैसे ठेवले की जिज्ञासा मरते.’ दोन ओळींत उत्तर देऊन विषय सोडणार होते, पण ते वाक्य काही केल्या पचेना.

एम.एस्सी.ला असताना मी विभागातील एका सरांच्या अनुदानित प्रकल्पासाठी गोदावरीच्या पाण्याचे नमुने घेत असे. सोमेश्वर, आनंदवल्ली, रामकुंड आणि तपोवन या चारही ठिकाणी आत बुडबुडा राहू न देता बाटल्या भरायच्या, पाण्यातला प्राणवायू मोजण्यासाठी एका बाटलीत मँगनीज सल्फेट व आयोडाइडचे द्रावण काठावरच घालायचे, तपकिरी साका खाली बसेपर्यंत थांबायचे, आणि दुसरी बाटली बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत नेऊन २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची. हे तीन दिवस कोणासाठी थांबत नाहीत. गुरुवारी नमुने घेतले तर रविवारी टायट्रेशनला, म्हणजे उरलेला प्राणवायू मोजायला, हजर राहावेच लागते, मग घरी द्राक्षांची विरळणी असो की बहिणीचा साखरपुडा. माझा स्वतःचा प्रबंध मातीवर होता. हे पाणी सरांचे होते. वर्षभर पेट्रोल माझे, आणि त्याच वर्षी त्या अनुदानातून विभागात नवा प्रिंटर आला.

एक मार्गदर्शक
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. पण आपण अनुदानाचा कागद कधी पाहिला आहे का, एवढेच विचारतो. माझ्या चालू प्रकल्पाला दोन वर्षांसाठी २ लाख ४० हजार रुपये मंजूर झाले. त्यात उपकरणे, रसायने, प्रवास आणि संकीर्ण अशी शीर्षे, म्हणजे खर्चाचे ठरावीक रकाने, आहेत. मनुष्यबळाचे शीर्षच नाही. एका शीर्षाची रक्कम दुसऱ्या शीर्षात वळवायची तर परवानगी घ्यावी लागते. पहिला हप्ता मंजुरीनंतर नऊ महिन्यांनी आला, आणि पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय दुसरा येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती दरमहा ३७ हजार आहे. २४ महिन्यांचे ८ लाख ८८ हजार होतात, म्हणजे माझ्या संपूर्ण अनुदानाच्या साडेतीन पटींहून अधिक. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्पाचे तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक मिळतात. श्रेयांकही हवेत आणि रोखही हवी, हे कसे? आम्ही आमच्या गुरूंची पोती वाहिली, तेव्हा हिशेब मांडला नव्हता.

निफाडकर
सर, ३७ हजार कोणी मागितले? ती रक्कम नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पूर्णवेळ संशोधकाची आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२० च्या आदेशात प्रकल्प सहायकाला दरमहा २० हजार व घरभाडे सांगितले आहे, तेही मी मागत नाही, कारण तोही पूर्णवेळ माणूस. प्रश्न आहे तो दुपारचे प्रात्यक्षिक आटोपून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुलीचा, जिला कोणत्याच आदेशात जागा नाही. महिन्याला दोन हजार धरले तर वीस महिन्यांचे ४० हजार होतात, म्हणजे आपल्या अनुदानाचा सहावा हिस्सा. आणि श्रेयांक मिळतात ते तिच्या प्रकल्पाचे. आपल्या प्रकल्पातल्या बाटल्यांचे नव्हेत.

महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आमच्या बागेत विरळणीला येणाऱ्या बायकांना आठवड्याचा बाजार आला की वडील पैसे मोजून देतात. ‘घड कसा सुटा करायचा हे शिकायला मिळाले, तेच तुमचे पैसे’ असे त्यांना सांगून पाहा. दुसऱ्या दिवशी बागेत फक्त आपणच असाल.

लेखाशाखा
बावीस वर्षे महाविद्यालयाच्या हिशेबात गेली म्हणून मध्ये पडतो. विद्यार्थ्याला पैसे देता येत नाहीत, हा शिक्षकांनी पसरवलेला गैरसमज आहे. मूळ प्रस्तावात तरतूद हवी, निवडीची नोंद हवी, हजेरीपत्रक हवे आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते हवे, इतकेच. आमच्याकडे मात्र २८ मार्चला पिशवीभर पावत्या येतात, त्यांतल्या निम्म्यांवर तारीख नसते आणि उरलेल्या निम्म्यांवर चहाचे डाग असतात. ३१ तारखेपर्यंत त्यातून उपयोगिता प्रमाणपत्र उभे करायचे ते आम्ही, आणि ‘लेखाशाखा अडवते’ हे ऐकून घ्यायचे तेही आम्हीच.

पेठ रस्ता
पावत्यांचा विषय निघालाच आहे तर ऐका. एका सर्वेक्षणासाठी मी पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर चार महिने फिरलो. एस.टी. जिथे संपते तिथून पुढे काळीपिवळी जीप, आणि जीप संपते तिथून पाय. काळीपिवळीचा चालक पावती देतो का? मी मागितली तेव्हा तो शेजारच्या प्रवाशाकडे पाहून हसला. शेवटी वहीत तारीख, गाव आणि रक्कम लिहून ठेवली, एकूण १,८६० रुपये झाले, आणि लेखाशाखेने ती वही ‘हे काव्य आहे, प्रमाणक नव्हे’ असे म्हणून परत केली. एस.टी.ची तिकिटे तेवढी जपून ठेवली होती, पण मार्च येईपर्यंत यंत्राच्या कागदावरची शाई उडाली आणि माझ्या हातात पांढऱ्या पट्ट्या राहिल्या.

लेखाशाखा
तिकीट हातात पडले त्याच दिवशी छायाप्रत काढायची असते, हे आम्ही प्रत्येक वर्षी सांगतो. दुसरी गंमत सांगतो. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे लागते. एकाच दिवशी, एकाच मार्गावर एका विद्यार्थिनीचे आणि एका विद्यार्थ्याचे तिकीट वेगळ्या रकमेचे कसे, असा आक्षेप लेखापरीक्षकांनी घेतला, आणि मी त्यावर दीड पानाचा खुलासा लिहिला. तो खुलासा लिहिण्याचे मानधन मलाही मिळाले नाही.

एक मार्गदर्शक
आता निदान शिक्षकाचे दुखणे कोणाच्या तरी लक्षात येईल. रसायनांच्या निविदेत तीन दरपत्रके मागवायची असतात. शहरात तो माल ठेवणारे दुकानच एक असेल तर उरलेली दोन कुठून आणायची? मागच्या वर्षी माझ्या खिशातून ११,४०० रुपये गेले, आणि त्यांतले ६,००० ‘अग्राह्य’ असा शेरा मारून परत आले. मला मानधन कोण देणार?

गंगापूर रोड
आपल्या पावत्या इतक्या सोवळ्यातल्या आहेत हे वाचून बरे वाटले, म्हणून माझीही एक सांगतो. एका विभागात मी संगणकात विदा, म्हणजे गोळा केलेली माहिती, भरण्याचे काम केले. महिन्याअखेरीस ६,००० रुपयांची पावती समोर आली, तिच्यावर एक रुपयाचे महसुली तिकीट आधीच चिकटवलेले होते. मी त्यावर सही केली आणि हातात २,५०० मिळाले. उरलेले ‘विभागाच्या खर्चाला’ गेले असे सांगण्यात आले. कोणाकडे तक्रार करणार? अंतर्गत गुण त्याच हाताने मिळायचे होते. जिज्ञासा मरते ती पैशाने की अशा सहीने, हे सरांनीच सांगावे.

एक मार्गदर्शक
एका चोरावरून सगळ्या गावाला चोर ठरवण्याची ही रीत मला मान्य नाही. वीस वर्षांत माझ्याकडच्या एकाही विद्यार्थ्याने कोऱ्या कागदावर सही केलेली नाही. असे आरोप करायचे असतील तर मी या चर्चेत राहत नाही.

गंगापूर रोड
मी आपल्यावर आरोप केलेलाच नाही. पण फुकट काम चालते तिथे अर्धे पैसे हातात पडले तरी मुलगा उपकार मानतो, म्हणून अशा सह्या खपतात. मी मानले होते.

निफाडकर
जीप, तिकिटे आणि दरपत्रके यांत मूळ प्रश्न वाहून गेला, तो परत काठावर आणते. मनुष्यबळाचे शीर्ष अनुदानात नाही, हे सरांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. माझ्या सरांच्या प्रकल्पातही ते नसावे, आणि मी त्यांना तेव्हा विचारले नाही ही माझी चूक. पण आपण प्रस्ताव लिहिला तेव्हा ते शीर्ष मागितले होते का? ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या मुलाला तासांप्रमाणे पैसे मिळतात. मग नमुन्यांच्या बाटल्या लावणाऱ्या मुलीने तेवढे उदात्त का राहायचे?

एक मार्गदर्शक
मागितले नव्हते. मागितले तर छाननीत आकडा कापतात, आणि कापताना नेमके उपकरणांवर हात टाकतात, हा अनुभव आहे. तरीही सर्वांचे समाधान व्हावे म्हणून पुढच्या प्रस्तावात ‘क्षेत्रकार्य साहाय्य, दरमहा २,०००’ अशी ओळ घालतो. कापली गेली तर कात्रण आपल्याला पाठवीन, भिंतीवर लावा. जिज्ञासेबद्दलचे माझे मत तेच आहे.

निफाडकर
मत ठेवा, सर. ओळ घाला.

लेखाशाखा
घालणारच असाल तर ‘साहाय्य’ असे मोघम लिहू नका. ‘विद्यार्थी सहायकाचे मानधन’ असे लिहा, तास लिहा, दर लिहा. ‘साहाय्य’ या शब्दाखाली आमच्याकडे एकदा मंडपाचे भाडे आले होते.

पेठ रस्ता
आणि माझे १,८६०?

लेखाशाखा
वहीवर प्रकल्पप्रमुखांची सही आणून द्या, बघतो. चालकाची मिळाली तर दुधात साखर.

पेठ रस्ता
प्रकल्पप्रमुख निवृत्त झाले. चालक अजून तिथेच आहे; रविवारी जातो.