विषय: पार्ल्याचा फ्लॅट डिसेंबरात मिळणार नाही, सोसायटीचा ठराव

प्रेषक: पार्लेकर, एडिसन
मंडळी, घाईत लिहितोय. डिसेंबरात माझ्या पार्ल्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये काही दिवस उतरायला आपल्या इथल्या, अमेरिकेतल्या मंडळातल्या ज्यांची नावं घेतली होती, ती तूर्त धरू नका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झालाय: ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स भाडेकराराशिवाय जागा कोणालाही द्यायची नाही. दोन कुटुंबांची तिकिटं निघाली आहेत. दादर-माटुंग्याला कोणाची जागा मोकळी आहे का? आणि असा ठराव करता येतो का सोसायटीला?

प्रेषक: खजिनदारकाका
जागा तुझी, मेंटेनन्स तू भरतोस. त्यांनी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता जागा भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) घ्यावं, बाकी बोलू नये. तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, २००१चा शासन निर्णय आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीने जास्त लावलं होतं, मी तोच कागद पुढे करून कमी करून घेतलं. हवा असेल तर पाठवतो.

प्रेषक: माजी सचिव, जर्सी सिटी
काका, शुल्काबद्दल विचारलंय कुठे त्याने? २०१९च्या नोव्हेंबरात आमच्या गावात याच विषयावर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावर, मतदान झालं, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी निर्बंधांच्या बाजूने मत दिलं. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये २०२३च्या सप्टेंबरपासून ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामाला नोंदणी लागते, यजमान घरात हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. आपल्या दारापाशी हवा असलेला नियम पार्ल्यात मात्र नको, हे मला पटत नाही.

प्रेषक: पार्लेकर, एडिसन
दादा, माझी माणसं मंडळाची आहेत, अनोळखी नाहीत. पैसे घेतो ते साफसफाई आणि विजेपुरते.

प्रेषक: गोरेगावची ताई (सध्या मुंबईत)
पार्लेकर, मंडळाची माणसं म्हणजे तुमच्या ओळखीची. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या ती ओळखीची नाहीत. आईसाठी मी इथे आहे. आमच्या वरचा फ्लॅट रोजच्या भाड्याने जातो, मालक परदेशात. किल्ली वॉचमनकडे. रात्री दीड वाजता बेल आमची वाजते, कारण पाहुण्याला मजला कळत नाही. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं; नळ उघडा राहतो आणि आमच्या छताला ओल येते. तक्रार करायची कोणाकडे? वॉचमन म्हणतो, साहेबांना मेसेज करा.

आता तुमच्या पाहुण्यांचं. त्यांचे पासपोर्ट अमेरिकन. परदेशी माणूस उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते (आपण ज्याला फॉर्म सी म्हणत आलो तो), आणि ते काम जागा देणाऱ्याचं. तुम्ही एडिसनला बसून कोणाकडून भरून घेणार? राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेतही यजमान घरात राहतो. ठराव कायद्यात टिकेल की नाही ते वकील सांगतील, पण तो करणाऱ्यांची तळमळ मला समजते. रात्री उठून दार उघडणारं कोणीतरी तिथे हवं, माझं म्हणणं एवढंच.

प्रेषक: खजिनदारकाका
ताईंच्या ओलीबद्दल: आधी वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग बघून घ्या, दोष पाहुण्यांचा नसेलही. आणि ११ महिन्यांचा करार केलास तरी तो नोंदवावा लागतो, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तू एनआरआय, म्हणजे भाडेकरूने भाडं देतानाच त्यातून कर (टीडीएस) कापायला हवा. त्यावर वेगळा धागा काढतो.

प्रेषक: पाहुणचार समिती
मुंबईत उतरणाऱ्यांची यादी आमच्याकडे असते. परस्पर नावं घेऊ नयेत ही विनंती मागच्या गणपतीतही केली होती. माटुंग्याला एक सभासद जानेवारीपर्यंत स्वतः घरी आहेत, दोन खोल्या देतील. पोलिसांत कळवणं आणि फॉर्म सी तेच करतील. दोन्ही कुटुंबांनी आम्हाला थेट लिहावं.

प्रेषक: पार्लेकर, एडिसन
दोघांनाही कळवलं. फ्लॅट ११ महिन्यांना देतोय. ताई, पार्ल्यात विश्वासाचा एजंट असेल तर सांगा. काका, टीडीएसचा धागा लवकर काढा.