बायकोच्या रिपोर्टात क्लॅमिडिया आलंय, मला तर काहीच त्रास नाही

लातूरकर८८: पाळणा हलंना म्हणून बायकोच्या तपासण्या चालू हायत, त्यात रक्तात क्लॅमिडिया आयजीजी (जंतूविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं. गुगलवर टाकलं तर संबंधातून होणारा आजार दाखवायलंय. मला ना जळजळ ना काही, तिला बी पांढरं जात नाही. घरात बोलणंच बंद झालंय. डॉक्टरची तारीख पुढच्या आठवड्यातली. हे आलं कुठून?

सिस्टर_नांदेड: भाऊ, आधी बोलणं चालू करा. आयजीजी म्हणजे जंतू आत्ता अंगात आहे असं नाही, कधीतरी येऊन गेला असेल एवढंच, अन ते वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतं. वरून खोकला-न्यूमोनिया करणारा ह्याचाच एक भाऊबंद जंतू आहे, त्याच्यामुळं बी कधी कधी असा रिपोर्ट येतो. आत्ता आहे का ते बघायला पीसीआर (थेट जंतू शोधणारी तपासणी) लागतं, तिचा आतला स्वॅब अन तुमची लघवी. लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघतात त्याला) मधली धार घेतात, इथं उलटं, सुरुवातीची द्यायची, आधी तासभर न जाता.

गडी_परभणीचा: एवढं कशाला, मेडिकलातून अझिथ्रोमायसिन (अझिथ्रो) अँटिबायोटिक घ्या दोघं बी अन मोकळे व्हा

सिस्टर_नांदेड: असलं सांगत जाऊ नका हो. पीसीआर पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर बहुतेक डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) हे अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅमचं देतात, दिवसातून दोनदा, ७ दिवस, अन नवराबायको दोघांनी एकदमच, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं. तोवर संबंध नाही. दिवस राहिले असतील तर डॉक्सी नको, तेव्हा अझिथ्रो. तिला लोहाच्या गोळ्या चालू असतील (असतीलच) तर दोन्ही संगट घेऊ नये, डॉक्सी नीट लागू पडत नाही.

हिंगोलीची_लेक: दादा, मला आयुष्यात कधी काही झालं नव्हतं, डायरेक्ट गर्भनळीचा एक्सरे काढला तवा एक नळी बंद निघाली. बहुतेक बायांना कळतच नाही, पुरुषांना बी बऱ्याचदा नाही. लग्नाआधीचं की नंतरचं, कुणाकडून, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही, मग भांडून काय मिळणारय? ह्या जंतूनं नळ्या बंद पडू शकतात, डॉक्टरला तेवढं विचारा.

लातूरकर८८: बरं ताई. पीसीआर इथं होतं का बाहेर पाठवतेत?

सिस्टर_नांदेड: खाजगी लॅबवाले सॅम्पल घेऊन बाहेर पाठवतात, खर्च आधी विचारून घ्या. जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक (असल्या संबंधातून होणाऱ्या आजारांचं सरकारी क्लिनिक) असतं, तपासणी-औषध फुकट, नाव बाहेर जात नाही. दोघं मिळून जा.