मदत हवी आहे: गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांच्या नोंदी

अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकन लोकांच्या जहाजवार नोंदी ऑनलाइन मिळतात, अंदाजे सव्वा कोटी लोक चढवले आणि १ कोटी ७ लाखच जिवंत उतरले. मला तसंच काहीतरी अरबी समुद्राच्या बाजूचं हवंय. मलिक अंबर सुचवू नका प्लीज, तो मूळचा चापू नावाचा पोरगा, इथिओपियातून मोखा (येमेनमधलं बंदर), बगदाद करत दख्खनला आला, १६२६ला वारला, खुलताबादला कबर, सगळं वाचून झालंय, जंजिऱ्याचे सिद्दी पण. सरदार नकोत, साधी माणसं हवीत, पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्यात आणलेली. मला पोर्तुगीज येत नाही (मोठीच अडचण) आणि पणजीला दोनच दिवस जाता येईल. तिथल्या पुराभिलेखागारात नेमकी कुठली दप्तरं मागू, जकातीची की बाप्तिस्म्याची?