ट्रेलरवर नेता येईल अशी शिडाची होडी: सेंटरबोर्ड की जड उचलता कणा?

नमस्कार मंडळी, म्हापशात राहतो. गाडीमागे ओढता येईल अशी पंधरा-सोळा फुटी शिडाची होडी मरीन प्लाय आणि इपॉक्सीत बांधायची आहे. शापोरा आणि मांडवी नद्यांत फिरवायची, पावसाळ्यात अंगणात झाकून ठेवायची.

अडलंय ते कण्यापाशी, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळाखाली पाण्यात जाणाऱ्या पात्यापाशी. ओहोटीला खाडीत रेती उघडी पडते. फिरता सेंटरबोर्ड (होडीच्या मध्यातल्या पेटीतून खाली सोडायचं बिजागरीवरचं हलकं पातं) खाडीच्या तळाला लागला की आपोआप वर उचलला जातो, शिवाय होडी ट्रेलरवर खाली बसते. पण त्याची पेटी ऐन बसायच्या जागी येते आणि होडी कलंडली तर आपल्याच अंगाच्या वजनाने सरळ करावी लागते. शिशाचा उचलता कणा तिला सावरतो, पण ओढायचं वजन वाढतं. दुपारी समुद्राकडचा वारा जोर धरतो आणि सोबत मुलं असणार, म्हणून मन तिकडे झुकतं. तरी होडी-रचनाकार इयन प्रॉक्टर यांची १९५७ची वेफेरर ही होडी, ४.८२ मीटरची, सेंटरबोर्डवरच चालते, आणि तिचा आराखडा मला फार आवडतो.

कोणी अशी होडी खाडीत चालवली आहे का? रेतीने पेटीत बोर्ड अडकतो का? पुलाखालून जाताना डोलकाठी एकट्याने आडवी करता येईल अशी बिजागरीची बैठक कशी बसवावी? कृपया सविस्तर सांगा, प्लाय कापण्याआधी ठरवायचं आहे.