बोलणारं ॲप, आजी आणि कावळा: लहान मुलांना एआय द्यावं का?

गिरगावची_आई
लेक सव्वाचार वर्षांची. आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे ती दिवसभर आजीजवळ असते. दिवाळीत भाच्याने टॅबवर बोलणारं एआय ॲप टाकून दिलं. काहीही विचारा, लगेच गोड आवाजात उत्तर. परवा समोरच्या चाळीच्या गच्चीत, टाकीखाली साचलेल्या पाण्यात एक कावळा पावाचा तुकडा बुडवत होता. आजी म्हणाली, "बघ गं, का भिजवत असेल तो?" पोरीने खिडकीकडे न बघताच टॅब उचलला आणि त्याला विचारलं. उत्तर बरोबर आलं, कडक पाव मऊ करण्यासाठी. पण कावळा तिने पाहिलाच नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, सहा वर्षांच्या आत बोलणारं यंत्र सरसकट नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांनी स्क्रीनसमोर बसून दिवसाला १ तासापेक्षा जास्त वेळ घालवू नये. पण मला तासांहून जास्त काळजी याची आहे की प्रश्न मनात घोळायच्या आतच उत्तर हजर होतं. तुमचा अनुभव काय?

भांडुपचा_बाबा
मला अजिबात पटलं नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा, डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचायला जड जातात. वर्गात वाचायला उभं केलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. 'प्रकाश' हा शब्द त्याने ॲपसमोर अकरा वेळा चुकवला. ॲपने अकराही वेळा तेवढ्याच शांतपणे म्हणून दाखवला. मी असतो तर तिसऱ्यांदा आवाज चढवला असता, खरं सांगतो. बाराव्या वेळी त्याने बरोबर वाचला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. हे 'सरसकट'वाले नियम आमच्यासारख्यांच्या हातातली काठी काढून घेतात.

आठवीच्या_बाई
मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर एक प्रयोग झाला. ज्यांना सरावाच्या वेळी साधा चॅटजीपीटीसारखा मदतनीस दिला, त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर तीच मुलं मदत न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त पुढचा इशारा देणारा मदतनीस होता. त्यांचं हे नुकसान बहुतेक टळलं.

माझ्या वर्गात रोज तेच बघते. वहीत अवयव सुबक पाडलेले आणि फळ्याजवळ बोलावलं की पोरगा खडू धरून नुसता उभा. भांडुपच्या बाबांचं ॲप मुलाकडून वदवून घेतं. हे आयतं उत्तर देणारं दुसरं त्याच्या वतीने बोलून टाकतं. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

परळकर
आजी आणि खिडकी ज्यांच्याकडे आहे त्यांनी खुशाल नियम करावेत. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत चौघं. बायकोची आणि माझी कामाची पाळी उलटसुलट, गल्लीत खेळायला जागा होती तिथे आता गाड्या लागतात. घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही. पोरगी ॲपशी बोलून बोलून धीट झाली, परवा तिने शाळेत उभं राहून स्वतःची ओळख करून दिली. क्लासची फी भरायची आमची ऐपत नाही.

नवी_मावशी
उत्तरांचं राहू द्या, ऐकतंय कोण? जर्मनीने २०१७ मध्ये 'माय फ्रेंड केला' (My Friend Cayla) ही बोलणारी बाहुली लपवलेलं हेरगिरीचं साधन ठरवून बंद केली. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आपण मात्र न वाचता 'मान्य' दाबतो.

गिरगावची_आई
परळकर, तुमचं बोलणं लागलं आणि ते खरं आहे. 'सरसकट' मागे घेते. पण लहानग्यांबद्दल माझा मुद्दा कायम आहे. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेचे ध्वनी उचलले, पडद्यावरून नाही.

भांडुपचा_बाबा
पण पडद्यावरचा माणूस उत्तर देत नव्हता. ॲप देतं.

गिरगावची_आई
देतं, पण कावळा त्यालाही दिसला नव्हता. आजीला दिसला होता, म्हणून तर तिने विचारलं. मूल कुठे बघतंय हे शेजारच्या माणसालाच कळतं.

भांडुपचा_बाबा
आणि पाच वर्षांच्या मुलाला तज्ज्ञांनीच ॲप वापरायला सांगितलं तर?

गिरगावची_आई
तर जरूर वापरा. फक्त त्याला एकटं सोडून स्वयंपाकघरात जाऊ नका, जवळ बसा.

भांडुपचा_बाबा
बसतोच. 'प्रकाश'च्या वेळीही शेजारीच होतो, नाहीतर अकरा वेळा मोजल्या कोणी असत्या?